बाहेर आलो, बाबा

१२ जानेवारी, रविवार

आज सकाळी चॅपेलला जाण्याआधी मी ब्लाएन-नांतच्या शेतावरून वर जुन्या खाणीपर्यंत चढून गेलो, बोगद्याच्या तोंडावरच्या लोखंडी फाटकापाशी उभा राहिलो आणि गजांमधून हात आत घातला. बाकी काही केलं नाही. बाहेर गवत कडक गोठलं होतं, आतली हवा त्या मानाने ऊबदार होती. कुणी जवळ उभं राहून श्वास सोडावा तशी ती हातावर येत होती. हात काढवेना. चॅपेलला उशीर झालाच. नेस्टाने बाकावर माझी जागा धरून ठेवली होती. तिने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

काल रोनवेन आली होती, म्हणून हे झालं. रोनवेन गावच्या शाळेत शिकवते आणि जुन्या खाणी हिंडणाऱ्या मंडळाची चिटणीस आहे. आमचा मुलगा गेथिन दर शनिवारी तिच्याबरोबरच आत जायचा. चार महिने तिने एक फोटो आम्हाला दाखवला नव्हता. काल नेस्टा दुकानात गेलेली असताना तिने तो मला फोनवर दाखवला.

त्या शेवटच्या शनिवारी ते दोघं एका बुटक्या भोकातून सरपटत पलीकडे गेले होते. खाण बंद पडल्यापासून तिकडे कुणीच गेलेलं नव्हतं. तिथल्या जमिनीवर पिठासारखा बारीक चिखल आहे आणि त्यात जुन्या कामगारांच्या खिळे मारलेल्या बुटांचे ठसे अजून तसेच आहेत. ते ठसे मोडू नयेत म्हणून रोनवेन भोकापाशी थांबली आणि गेथिन एकटाच कडेकडेने पुढे गेला. फोटोत जुन्या ठशांच्या बाजूला त्याचे ठसे दिसतात. उजेड कमी आहे. पण डावं पाऊल बाहेर वळलेलं आहे, नेहमीसारखं.

"तिथे पाणी येत नाही, वारा लागत नाही, काका," रोनवेन म्हणाली. "ते ठसे तसेच आहेत. आपण सगळे जाऊ तरी ते राहतील."

मला ते बघायचे आहेत. फोटोत नाही.

१४ जानेवारी

फोटो पाहिल्यापासून झोप नाही. म्हणून जे झालं ते एकदा सरळ लिहून टाकतो.

खाणीत जाणाऱ्याने बाहेरच्या एका माणसाकडे वेळ ठेवायची असते. मी अमुक वाजेपर्यंत फोन करीन, नाही केला तर मदतीची माणसं बोलव, असं. गेथिन माझ्याकडे वेळ ठेवायचा. स्वयंपाकघरात फोनशेजारी माझ्या शाळेतली जुनी पाटी टांगलेली आहे, तिच्यावर मी ती वेळ लिहायचो. फोन यायचा, "बाहेर आलो, बाबा," की मी ओल्या फडक्याने पाटी पुसायचो आणि मग जेवायला बसायचो.

त्या दिवशीही फोन वेळेत आला. बाहेर आलो, बाबा. मी पाटी पुसली. नेस्टाने वाढलं. आम्ही जेवत असताना पुलाजवळच्या वळणावर त्याची मोटारसायकल ओल्या रस्त्यावरून घसरली. वाट बघणं मी अगोदरच संपवलं होतं.

डोंगराने त्याला परत दिला होता.

रोनवेन म्हणते, आत पुढे दगड ढासळलेले होते आणि त्यांच्या फटींतून वारा येत होता, म्हणजे पलीकडे आणखी काही आहे. गेथिनला पुढे जायचं होतं. पण फोनची वेळ होत आली होती, म्हणून तो मागे फिरला. "पुढच्या शनिवारी," असं तिला म्हणाला.

दवाखान्यातून त्याचे बूट परत मिळाले तेव्हा त्यांना तो राखाडी चिखल लागलेला होता. दुसऱ्या दिवशी बघतो तर नेस्टाने ते धुऊन, वर्तमानपत्राचे बोळे घालून वाळत ठेवलेले.  मी त्यावर आजवर बोललेलो नाही.

१८ जानेवारी

मार्गेड मावशीकडे गेलो. खाणीचं तोंड तिच्या ब्लाएन-नांतच्या जमिनीत आहे आणि फाटकाची चावी तिच्याकडे असते. वय सत्तरीच्या पुढे, अजून स्वतः मेंढ्या उलथ्या करून त्यांचे खूर कापते.

"चावी हवी आहे, मावशी," मी म्हणालो.

"हिवाळ्यात? आत वटवाघळं झोपली आहेत. एप्रिल संपेपर्यंत तिथे कुणी शिंकायचंसुद्धा नाही, असा कायदा आहे. माझ्याच डोंगरात माझ्यापेक्षा त्यांना हक्क जास्त."

"मग मे महिन्यात."

"मे महिन्यात तुझ्या डोक्यात दगड पडला तर मला कोर्टात कोण उभं करील? नेस्टा करील."

"नेस्टा तसं करणार नाही."

"तुला काय माहीत नेस्टा काय करील?" ती म्हणाली आणि चहा ओतला. "आयुष्यभर डोंगरावर दगडांचे गडगे रचलेस, मेरिग. आत कधी गेला होतास का? तुझा बाप तर तुला त्या तोंडापाशी खेळूसुद्धा द्यायचा नाही."

हे खरं आहे. माझे वडील त्याच खाणीत पाटीचा दगड फोडायचे आणि छातीत दगडाची धूळ घेऊन गेले. जाताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की मी दगडाचं काम केलं तर उघड्या आभाळाखाली करीन. ते मी पाळलं. गेथिनकडून असं वचन घ्यायचं मला सुचलं नाही. आणि त्याला आत पोटासाठी जायचंच नव्हतं, तो तर आवडीने जायचा.

मावशीने वेल्श केक बांधून दिले. चावी दिली नाही.

२० जानेवारी

गेथिनच्या खोलीचं दार आज पुन्हा अर्धं उघडं होतं. खटका सैल झालेला दिसतो. थंडीत सगळी ऊब त्या खोलीत जाते. मी लावून घेतलं.

२ फेब्रुवारी, रविवार

पाद्रीबाबांनी आज दुःखितांसाठी प्रार्थना म्हटली. आमचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना आमच्या बाजूला वळू नयेत म्हणून ताठ झाल्या होत्या. मी देवाकडे काही मागितलं नाही. मागावं असं एकच आहे आणि ते आता देण्यासारखं नाही. उरलं ते ठसे बघणं, आणि ते देवाने द्यायचं नसून मार्गेड मावशीने द्यायचं आहे.

घरी आलो तर टोपलीत निळसर अंडी होती. असल्या अंड्यांच्या कोंबड्या खोऱ्यात एकट्या मावशीकडे आहेत. काल पोस्टमनबरोबर पाठवली असतील. मन मऊ होत असावं तिचं. नेस्टाला म्हणालो, "बघ, मावशी वळतेय."

नेस्टा म्हणाली, "असेल." दारातले तिचे बूट ओले होते. कोंबड्यांना दाणे टाकायला मागे गेली असेल म्हणावं तर आमच्याकडे कोंबड्या नाहीत.

८ फेब्रुवारी

मंडळाचा सभासद झालो. विम्यासाठी ते लागतं, आणि विमा झाला की मावशीचं कोर्टाचं कारण संपतं. रोनवेन म्हणाली, सभासद होणं सोपं आहे, भोकातून जाणं अवघड. तिने भोकाची उंची हाताने दाखवली. मी माझ्या पोटाकडे पाहिलं.

"काका, चॅपेलचे बाक किती उंच आहेत?"

"का?"

"जवळजवळ तेवढंच आहे ते."

मग आज दुपारी आम्ही चॅपेलच्या मागच्या दालनात गेलो. तिथले जुने बाक ओळीने लावले आणि मी पालथा पडून त्यांच्याखालून सरपटायला लागलो. तिसऱ्या बाकाखाली अडकलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना. नेमके तेव्हाच पाद्रीबाबा भजनाची पुस्तकं न्यायला आले.

त्यांनी माझे पाय पाहिले असावेत. "मेरिग?"

"होय, बाबा."

"काही हरवलं आहे का?"

मी म्हणालो, "होय." खालून बोलत होतो म्हणून आवाज दबका आला.  थोड्या वेळाने पाद्रीबाबांनी स्वतःच तो बाक उचलून धरला.

बाहेर आल्यावर रोनवेनला हसू आवरेना आणि मग मलाही. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. हसताना लगेच वाटलं की हे गेथिनला सांगायला पाहिजे.

१ मार्च

आमच्या वेल्श संताचा दिवस. दालनात सगळ्यांनी मिळून मटण आणि लीकच्या पातीचा रस्सा केला, मुलांनी कोटांना पिवळी फुलं लावली. नेस्टा दर वर्षी या दिवशी गाते. या वर्षी तिने भांडी घासायचं काम मागून घेतलं.

गेथिनच्या खोलीचं दार पुन्हा उघडं होतं. उद्या खटका बदलायला हवा.

१५ मार्च

मावशीकडे दुसऱ्यांदा गेलो. विम्याचा कागद नेला. वटवाघळांची मोजणी करणाऱ्या बाईने मे महिन्याला हरकत नाही असं कळवलं होतं, तेही सांगितलं. मावशीने चष्मा लावून कागद उलटसुलट केला.

"आता कोकरं जन्मायची वेळ आहे. मला मान वर करायला फुरसत नाही."

"मे महिन्याचं बोलतोय मी."

"मे महिन्याचं मे महिन्यात."

"मावशी, तुझं माझ्याशी काही वाकडं आहे का?"

ती एका आईवेगळ्या कोकराला बाटलीने पाजत होती. त्याच्याकडेच बघत म्हणाली, "तुझ्याशी वाकडं असतं तर केव्हाच चावी फेकून दिली असती तुझ्या अंगावर. जा आत म्हटलं असतं."

म्हातारपणाने माणसं असं कोड्यात बोलतात. मला राग आला होता, पण तिच्या वरच्या रानातला गडगा हिमात ढासळलेला दिसला तर हात शिवशिवले. दुपारभर रचत बसलो. खाली मेंढरांसाठी भोक ठेवलं, मोठी कोकरं आईकडे जाऊ शकतील एवढं, आणि शेजारी एक शिळा उभी करून ठेवली, म्हणजे नको तेव्हा भोक बंद करता येतं. गेथिन लहानपणी असल्या भोकांतून आरपार जायचा. आम्ही अलीकडे हाका मारायचो आणि तो पलीकडून उत्तर द्यायचा.

निघताना मावशी म्हणाली, "हात तुझे अजून चांगले आहेत. डोक्याचं बघ."

१३ एप्रिल, रविवार

आज फुलांचा रविवार. सगळं गाव कबरी धुऊन फुलं ठेवायला गेलं होतं. आम्हीही पाण्याची बादली आणि ब्रश घेऊन गेलो. गेथिनच्या कबरीवर अजून दगड नाही. मी कोरायला दिलेला नाही. त्यामुळे धुवायला काही नव्हतं. शेजारच्या माझ्या आईवडिलांच्या दगडाला मी उगाच दोनदा घासलं. नेस्टाने पिवळी फुलं मातीत खोचली आणि गुडघ्यांवर बसून राहिली.

मार्गेड मावशी तिच्या नवऱ्याच्या कबरीकडून माझ्याजवळ आली. नेस्टा नळावर पाणी भरायला गेली होती.

"मेरिग, मला हे आणखी नाही सहन होत," ती म्हणाली. "वाटलं होतं तुला आपोआप कळेल. चावी माझ्याकडे नाही."

"मग?"

"जानेवारीपासून नेस्टाकडे आहे. तू माझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी ती चालत आली, पावसात, आणि माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. त्याला देऊ नकोस म्हणाली. मी चावीच तिच्या हातात दिली. म्हटलं, मला मोह नको आणि तुला काळजी नको. नंतरही येत राहिली. बसते, कोंबड्यांकडे बघते, अंडी घेऊन जाते."

नळाचा आवाज थांबला होता. नेस्टा बादली घेऊन तिथेच उभी होती. आम्ही काय बोलतो ते तिला तिथून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण तिला कळलं.

"जिला विचारायचं तिला न विचारता तू डोंगरभर हिंडलास," मावशी म्हणाली आणि काठी टेकत गेली.

१४ एप्रिल

दिवसभर बोललो नाही. मी तिच्यावर रागावलो होतो असं नाही. कशावर तरी रागावलो होतो. संध्याकाळी नेस्टा बटाटे सोलत बसली होती, तेव्हा मी समोरची खुर्ची ओढली.

"नेस्टा, मला आत जायचं आहे."

"माहीत आहे."

"चावी कुठे आहे?"

"त्याच्या खोलीत. जाकिटाच्या खिशात."

"तू मला सांगायचंस ना."

"तू मला सांगितलंस? रोनवेनने तुला काय दाखवलं ते मला रोनवेनच्या आईकडून कळलं." तिने बटाटा पाण्यात टाकला. "मला वाटलं तू आत गेलास की परत येणार नाहीस."

"तिथे दगड पडत नाहीत आता. रोनवेन म्हणते छत पक्कं आहे."

"दगडांचं कुठे म्हणतेय मी, मेरिग."

हे मला नीट समजलं नाही. दगड नाहीत, पाणी नाही, मग भीती कशाची? पण तिचा चेहरा पाहून विचारलं नाही. नंतर बूट धुतल्याचं माझ्या तोंडून निघून गेलं. इतके महिने गिळलेलं. म्हणालो, "तू तो चिखल का धुतलास?"

ती चाकू हातात धरून बसली. "मी त्याचे बूट धुतले," म्हणाली, "दर रविवारी धुवायचे तसे. हातांना दुसरं काही सुचलं नाही. पाणी राखाडी होऊन मोरीत गेलं तेव्हा लक्षात आलं काय गेलं ते. नंतर मी मोरीत हात घालून बसले होते. तू चॅपेलला गेला होतास."

तिने हातातला बटाटा सोलून संपवला.

मग तिने विचारलं, "वेळ कुणाकडे ठेवणार?"

"तू ठेवून घेशील?"

"तू वाट बघायचास तेव्हा काय करायचास?"

"पाटीकडे बघत बसायचो."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग मलाही जमेल," ती म्हणाली आणि उठून चूल पेटवली.

४ मे, रविवार

काल लिहवलं नाही.

नेस्टाने पाटीवर वेळ लिहिली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा मोठं आहे. तिने गेथिनचं हेल्मेट आणलं आणि पट्टा माझ्या हनुवटीखाली बांधला, मूल शाळेत जाताना बांधतात तसा, आणि हातात चावी ठेवली. फाटकापाशी मार्गेड मावशी आमची वाट बघत उभी होती. "देवाचं नाव घे आणि डोकं खाली ठेव," म्हणाली.

आत वडिलांच्या कपड्यांचा वास होता. हे मी विसरलो होतो. ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या कोटाला यायचा तोच, ओल्या दगडाचा. म्हणजे आपल्या घराला तो वास खाणीने दिला होता. रोनवेन पुढे, मी मागे. बोगदा, मग दगड खोदून केलेली मोठी पोकळी, इतकी मोठी की दिव्याचा उजेड छतापर्यंत पोचत नव्हता. एका बाजूला कामगारांचं जेवणघर, अजून बाकं तशीच मांडलेली. तिथे रोनवेनने मला बसवलं आणि थर्मासमधला चहा दिला. मी कप दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"परत जायचं का, काका?"

"नाही."

भोक चॅपेलच्या बाकापेक्षा बुटकं होतं, हे तिने मला मुद्दामच सांगितलं नव्हतं. एके ठिकाणी छाती अडकली. तेव्हा मला वाटलं, इथेच पडून राहिलो तर काय बिघडेल? दगड गार आहे, शांत आहे, कुणी काही विचारत नाही. असा विचार किती वेळ होता सांगता येत नाही. मग पाटीवरची वेळ आठवली, मोठ्या अक्षरातली. श्वास सोडला आणि सरकलो.

पलीकडे रोनवेन कडेला अंग चोरून बसली आणि दिवा खाली धरला.

तिथे ते होते.

अरुंद वाट आहे, एका वेळी एकच माणूस जाईल अशी. जुने ठसे मधोमध, खिळ्यांच्या ओळी स्पष्ट. गेथिनचे त्यांच्या कडेने, भिंतीला लागून. त्याने एकाही जुन्या ठशावर पाय दिलेला नाही. डावं पाऊल बाहेर वळलेलं. नेस्टा त्याला त्यावरून किती बोलायची. एके ठिकाणी तोल सावरायला भिंतीवरच्या चिखलात हात टेकलेला, पाची बोटं. आणि दूर, दगडांच्या ढिगापाशी, दोन ठसे शेजारी-शेजारी, बाकीच्यांपेक्षा खोल. तिथे तो उभा राहिला होता. वारा कुठून येतो ते बघत. मग घड्याळ पाहिलं असेल.

तिथून ठसे परत आलेले आहेत. गेलेल्या प्रत्येक पावलाला परत आलेलं पाऊल आहे. मी नीट पाहिलं.

सगळ्यात जवळचा ठसा माझ्या हातापासून वीतभर होता. हात पुढे केला आणि तसाच वर धरला. प्रार्थना म्हणावीशी वाटली. त्याचं नाव घेतलं. आवाज घुमला नाही, चिखलाने पिऊन टाकला. रोनवेनने तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

बाहेर आल्यावर फाटकापाशी फोन लावला. नेस्टाने पहिल्या घंटेलाच उचलला.

"बाहेर आलो," मी म्हणालो.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "हं. गाडी हळू चालव."

घरी पोचलो तेव्हा पाटीवर वेळ तशीच होती. नेस्टा फडकं हातात घेऊन उभी होती. मी आत आलो, दार लावलं, खुर्चीवर बसून बूट काढले, तेव्हा तिने पाटी पुसली.

बूट तिने धुतले नाहीत. चिखलासकट मागच्या दारात वर्तमानपत्रावर ठेवले आहेत.

१० मे

मी ठरवलं आहे. भोकाच्या अलीकडच्या तोंडावर गडगा रचायचा. आत पाटीच्या दगडाचे तुकडे हवे तेवढे पडलेले आहेत. खाली मेंढरांच्या गडग्यात ठेवतो तसं एक भोक ठेवीन आणि त्यावर शिळा लावीन. मला कधी बघावंसं वाटलं तर शिळा काढता येईल. बाकी कुणी जाणार नाही.

रोनवेनला हे सांगायला बोलावलं होतं. तिने ऐकून घेतलं.

"पलीकडे वारा येतो, काका. त्या ढिगाच्या पुढे काहीतरी आहे. त्याला जायचं होतं."

"कडेकडेने जाता येईल का? ठसे न मोडता?"

"त्याने कडेची जागा वापरून टाकली. आता उरलेली नाही."

"मग?"

तिने डोळे पुसले आणि नाक ओढलं. "फाटक मंडळाचं, जमीन मार्गेडची, पण ठसे तुमचे आहेत. तुम्ही म्हणाल तसं. मी दगड वाहायला येईन. पण गेथिन असता तर आपल्या दोघांवर ओरडला असता, एवढं सांगून ठेवते."

तिला रडू आलं याचं मला नवल वाटलं. मैत्रीच होती त्यांची. नेस्टाने तिला जवळ घेतलं आणि किती वेळ सोडलं नाही. नेस्टाला मात्र कसलंच नवल वाटलं नसावं.

१३ मे

मागच्या अंगणात शिळा तासत होतो. चांगली निघाली आहे, गुळगुळीत, एका बाजूला निळसर झाक. नेस्टा कपडे वाळत घालता घालता थांबली.

"ही कशाला?"

सांगितलं.

"लावू नकोस," ती म्हणाली.

"मग कुणीही आत जाईल."

"जाईल."

"ठसे मोडतील, नेस्टा. उद्या नाही तर दहा वर्षांनी. तेवढेच उरलेत."

तिने हातातला शर्ट दोरीवर टाकला, चिमटा लावला. "तो कधी दार लावून झोपला का, सांग मला. पाळण्यातून उतरल्यापासून? लावलं की उठून उघडायचा."

ते खरं होतं. जिन्यातला दिवा आम्ही त्याच्यासाठीच रात्रभर ठेवायचो.

"आणि खटका बदलायचं मनातून काढून टाक," ती म्हणाली. "खटका चांगला आहे. दार मी उघडते. रोज. तू लावतोस आणि मी उघडते."

मी छिन्नी खाली ठेवली. ही हिवाळाभर थंड जिन्यात उभी राहून ते दार उघडत होती आणि मी ऊब वाया जाते म्हणून लावत होतो. दोघंही न बोलता. एकाच घरात.

१७ मे

गडगा पूर्ण झाला. रोनवेन आणि मंडळाची दोन माणसं दगड देत होती, मी रचत होतो. आयुष्यात पहिल्यांदा छपराखाली गडगा रचला. वडिलांना दिलेला शब्द मोडला. ते समजून घेतील असं वाटतं. खाली भोक ठेवलं. शिळा मी सकाळी पाठीवर बांधून फाटकापर्यंत नेली होती, अजून मन ठरत नव्हतं म्हणून. काम संपल्यावर तिच्याजवळ उभा राहिलो. आतून हवा येत होती. बाहेर उन्हाळा लागला आहे, त्यामुळे आता ती गार लागत होती.

रोनवेनला म्हणालो, "भोक तुझ्या मापाचं आहे. जायचं असेल तेव्हा जा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पुढेसुद्धा?"

"पुढेसुद्धा. वेळ आमच्याकडे ठेव. आणि बाहेर आलीस की फोन करू नकोस. घरी पोचलीस की कर. तोपर्यंत पाटी पुसली जाणार नाही."

तिने हेल्मेट काढून हातात घेतलं. मान हलवली.

मार्गेड मावशीला चावी परत दिली. शिळा पाठीवर घेऊन खाली उतरलो. नेस्टा दारातच होती. ती बाजूला झाली आणि मी तशाच मळक्या बुटांनी जिना चढलो. गेथिनच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मी ते पुरतं उघडलं, भिंतीला टेकवलं आणि शिळा दाराच्या पायाशी उभी केली.

जड आहे. वाऱ्याने हलायची नाही.